अकरा फुटांवरचा डबा

सुमंत सरांनी साताऱ्याच्या एका शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, आणि तेवढ्या वर्षांत एकाही विद्यार्थ्याला कुठल्या टेकडीवर नेलं नाही. न्यायचं म्हणजे परवानगी मागणं आलं: मुख्याध्यापकांची, पालकांची, एसटीच्या डेपोची. आणि कुणाकडे काही मागायचं म्हटलं की सरांची जीभ टाळूला चिकटे. त्यामुळे सह्याद्री भिंतीवरच्या नकाशात राहिला आणि पोरांनी तो छडीच्या टोकानं पाहिला.

मनातल्या मनात मात्र सर कुणाला सोडत नसत. समोरच्या माणसाला नमस्कार करताना ते आतून त्याची सालं काढत, आणि मग आपल्यालाच असं बोलायचा काय अधिकार, म्हणून स्वतःचीही काढत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक खेळ शोधून काढला. दहिवडीच्या पुढे माणच्या माळावर सात टेकड्या एकीमागून एक उभ्या आहेत. प्रत्येकीवर दूध पावडरीचा एकेक रिकामा डबा लपवायचा. डब्यात एक वही, पेन्सिल आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीत पुढच्या डब्याची वाट: होकायंत्रावर इतके अंश, अमुक खूण दिसेपर्यंत चालायचं, तिथून इतकी पावलं. पहिला डबा सापडल्याशिवाय दुसरा सापडत नाही, दुसऱ्याशिवाय तिसरा नाही. सातव्या डब्यातल्या वहीत आपलं नाव लिहायचं, की खेळ संपला. तारीख ठरली २३ जानेवारी १९९४, रविवार.

"बक्षीस काय?" आप्पासोंनी विचारलं. आप्पासो हे गावातल्या गिरिभ्रमण मंडळाचे अध्यक्ष. दर रविवारी मंडळ अजिंक्यताऱ्यावर चढायचं आणि मंडळाचं भ्रमण शिऱ्याच्या पातेल्यापाशी संपायचं.

"बक्षीस नाही," सर म्हणाले.

"मग लोक कशाला येतील?"

सरांनी नावनोंदणीची वही त्यांच्यापुढे सरकवली. तरी अडतीस जणांनी नावं दिली. मंडळाचे बहुतेक सगळे आले, कारण अध्यक्षांनी नाव दिलं होतं. आणि अध्यक्षांनी दिलं, कारण पेपरात बातमी येईल अशी त्यांची समजूत होती.

पहिल्या सहा जागांचा प्रश्न लवकर सुटला. काही गायरान होतं, काही लोकांच्या पडीक जमिनी. सरांनी घसा खाकरत, चारदा शब्द गिळत प्रत्येकाला विचारलं. लोक हसले, "ठेवा की," म्हणाले. सातवी टेकडी घोडेटेक. तिच्या माथ्यावर वीज कंपनीचा मनोरा, भोवती दोन एकर जागा, तारेचं कुंपण आणि पाटी: 'विनापरवाना प्रवेश करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' कुंपणाला बैलगाडी जाईल एवढी भगदाडं होती. पाटी मात्र धड होती.

"अहो सर, गुपचूप जाऊन ठेवा," आप्पासो म्हणाले. "कोण बघतंय तिथं? घारी?"

सरांना ते जमेना. पाटीवर लिहिलंय म्हणजे विचारलं पाहिजे. हा आपला प्रामाणिकपणा की नुसती भीती, याचा त्यांनी दोन रात्री विचार केला. उत्तर भीतीकडे झुकायला लागलं तेव्हा त्यांनी विचार थांबवला आणि अर्ज लिहायला घेतला.

कंपनीचं कार्यालय सांगलीला. जमीन सातारा जिल्ह्यातली, पण तिच्याबद्दलचा कागद सांगलीतल्या कपाटात. ऑगस्टमध्ये सर पहिल्यांदा गेले. हेडक्लार्क भाऊसो पान लावत बसले होते. त्यांनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"डबा ठेवायचाय म्हंता?"

"हो."

"रिकामा?"

"आत वही असेल. आणि पेन्सिल."

"मग वही घरी ठेवा की सर. आमच्या टेकडीवर कशाला?"

सरांनी खेळ समजावून सांगितला. भाऊसोंनी शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदा पान थुंकून आले.

"म्हंजे तुमी लपवायचं आन लोकांनी हुडकायचं."

"बरोबर."

"हुडकल्यावर काय मिळतंय?"

"नाव लिहायला मिळतं."

भाऊसोंनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. शेजारच्या टेबलानं खिडकीकडे पाहिलं. "जागेचा नकाशा लागंल," भाऊसो म्हणाले. "पाच प्रतीत. नक्की कुठल्या दगडाखाली ते फुटांत लिवून."

"पण ती जागा गुप्त ठेवायची असते. तोच तर खेळ आहे."

"गुप्त?" भाऊसोंनी चष्मा कपाळावर चढवला. "सर, तुमी शिकलेली मानसं. गुप्त काय असतं? दोन नंबरचं असतं त्ये. सरळ कामाला लपवाछपवी लागती व्हय?"

सर आतून म्हणाले, तुझ्या या कपाटात गेली वीस वर्षं काय काय लपलंय ते तुला तरी ठाऊक आहे का! तोंडानं ते म्हणाले, "बरं. आणून देतो."

पाच नकाशे त्यांनी स्वतः काढले, शाईनं, उत्तर दिशेच्या बाणासकट. मनोऱ्याच्या ईशान्य पायापासून अकरा फूट, सपाट काळा दगड. नकाशा इतका सुबक झाला की तो द्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

ऑक्टोबरमध्ये दुसरी खेप, नोव्हेंबरमध्ये तिसरी. तिसऱ्या खेपेला साहेबांची गाठ पडली. साहेब जागांचे अधिकारी, तरुण, इस्त्रीचे. टेबलावर काचेखाली सात देवांचे फोटो.

"तुमचा हेतू चांगला आहे हो," साहेब म्हणाले. "पण आम्ही पोळलोय. आमच्या एका टेकडीवर कुणीतरी एक दगड आणून ठेवला. साधा दगड. आम्ही म्हटलं, असू दे. सहा महिन्यांनी त्याला शेंदूर लागला. वर्षानं पत्र्याचं छप्पर आलं. आता तिथं चैत्रात जत्रा भरते, आणि तार बदलायची तर आमच्या माणसांना आधी नारळ फोडावा लागतो. तेव्हापासून नियम केलाय. बाहेरच्या माणसानं आमच्या जागेत कुठलीही वस्तू ठेवायची तर आधी जाहीर नोटीस. पंधरा दिवस हरकतींसाठी. कुणाची हरकत आली नाही की परवानगी."

"जाहीर म्हणजे?"

"पेपरात."

"साहेब, पेपरात जागा छापली तर मग शोधायचं काय?"

साहेबांनी यावर खरंच विचार केला, असं निदान सरांना वाटलं. मग ते म्हणाले, "तो तुमचा अंतर्गत प्रश्न आहे."

या वेळी अर्ज मागे घ्यावा असं सरांच्या मनात आलं. पण मागे घ्यायलाही काही बोलावं लागलं असतं. ते उठले, आभार मानले, आणि एसटी स्टँडवर येऊन साताऱ्याच्या गाडीऐवजी चुकून मिरजेच्या गाडीत बसले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गोदावरीबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, सकाळी पेपर उघडला आणि चहा खाली ठेवला.

"अहो, तुम्ही आलात पेपरात."

"मी?"

"ऐका. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे घोडेटेक येथील कंपनीच्या मनोऱ्याच्या ईशान्य पायापासून अकरा फुटांवर, सपाट काळ्या दगडाखाली, श्री. सुमंत, राहणार सातारा, यांना धातूचा एक डबा ठेवावयाचा आहे. सदर डब्याबाबत कोणाचा हक्क, हितसंबंध वा हरकत असल्यास...'" त्यांनी पेपर खाली घेतला. "दिशासुद्धा बरोबर छापलीये हो. ईशान्य. लग्नपत्रिकेत माझं नाव गोदूबाई छापलं होतं, पण तुमच्या डब्याचा पत्ता बघा कसा चोख!"

सरांनी हात पुढे करून पेपर घेतला आणि स्वतः वाचला.

"आता काय शोधणार लोक? तुमचं डोकं?"

"ते आधीच सापडलंय कंपनीला," सर पुटपुटले. बऱ्याच वर्षांनी त्यांनी बायकोला असं उत्तर दिलं होतं. गोदावरीबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

आठ दिवसांनी सर घोडेटेकावर गेले. काळा दगड जागेवर नव्हता. तिथं कमरेएवढा खड्डा होता, शेजारी दुसरा, त्यापलीकडे तिसरा. मातीत पिवळे लिंबू आणि हळदीकुंकू पडलेलं. खड्ड्याच्या कडेला खुर्ची टाकून एक वॉचमन बसला होता. त्याचं नाव कोंडीबा.

"कोन तुमी? ह्या जागंवर यायला बंदी हाय."

"हे खड्डे कुणी केले?"

"आवं, पेपरात आलंय न्हवं का? कुनी सातारचा सुमंत म्हनून हाय, त्येच्याकडं गुप्तधनाचा डबा हाय म्हनं. सोन्याचा. लोणंदपासनं मानसं आली की खनायला! एक मांत्रिक तर शिराळ्यासनं आल्ता. मनोऱ्याचा पाया हलायची पाळी आली, तवा कंपनीनं मला हितं बशिवलं."

"पण डबा अजून ठेवलेलाच नाही," सर म्हणाले.

"त्ये मला काय म्हाईत? मला राखन करायला सांगिटलंय."

सर कुंपणाच्या भगदाडातून बाहेर पडले आणि पश्चिमेच्या उतारावर एका दगडावर बसले. नसलेल्या डब्यावर पगारी राखण. अशा कंपनीकडे आपण चार महिने हात जोडत होतो. कंपनी मूर्ख होती, यात शंका नाही. पण मूर्खाला पाच प्रतींत सुबक नकाशा काढून देणाऱ्याला काय म्हणायचं?

ते बसले होते ती जमीन धोंडुबाईची होती. टेकडीच्या त्या अंगाला मेंढरांचं एक जुनं वाडगं होतं, दगडांची पडकी गोल भिंत. म्हातारी तिथंच उन्हात लोकर पिंजत होती. तिचा मुलगा बिरदेव मेंढरांमागे खाली गेला होता.

"तू तोच न्हवं का, डब्यावाला मास्तर?" धोंडुबाईनं तिथूनच विचारलं.

सरांनी मान हलवली. मग, का कोण जाणे, त्यांनी तिला सगळं सांगितलं. डब्यात सोनं नाही, वही आहे, हेही सांगितलं.

"आन ह्ये ईचारायला तू सांगलीला गेल्तास? किती डाव?"

"तीनदा."

"आगं आई गं!" म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "आन त्येनी पेपरात छापलं? लपिवलेली वस्तू पेपरात? आरं, माजी शेळी बी करडू कुटं हाय त्ये लांडग्याला सांगत न्हाई."

सरांनी पिशवीतून कागद काढला. सवयीनं. "मग आपल्या जमिनीत डबा ठेवण्याबाबत मी एक अर्ज..."

"कागद कशाला? मला वाचता येतंय व्हय? तोंड हाय न्हवं तुला? ईचार तोंडानं."

सरांनी कागद परत घडी केला. जीभ टाळूला चिकटली होती. त्यांनी ती सोडवली. "तुमच्या वाडग्याच्या भिंतीत मी एक डबा ठेवू का?"

"ठेव की."

एवढंच. चार महिने, पाच नकाशे, तमाम लोकांस कळविण्यात येते, आणि इथं दोन शब्द. "फकस्त मेंढरांच्या वाटंवर नको," म्हातारी म्हणाली. "आन तुजी मानसं आल्यावर कुत्र्याला दगड मारू नका म्हनावं."

सरांनी त्याच दिवशी सातवा डबा वाडग्याच्या भिंतीत, आतल्या अंगाला, एका चपट्या दगडामागे ठेवला. बिरदेवला बरोबर घेऊन सहाव्या टेकडीवर जाऊन चिठ्ठी बदलली. घरी येऊन त्यांनी अडतीस पोस्टकार्डं लिहिली: 'सातव्या डब्याची जागा बदलली आहे, कृपया पेपरातील नोटिशीकडे दुर्लक्ष करावे.' लिहून झाल्यावर गठ्ठा टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी पेटीत टाकायला निघाले आणि दारातूनच परत आले. तिसऱ्या दिवशी तो गठ्ठा त्यांनी पुस्तकांच्या मागे सरकवला. ही लबाडी आहे का, असं त्यांनी स्वतःला विचारलं. खेळ खेळायचा असलेल्याला नोटिशीची गरज नव्हती, पोस्टकार्डाचीही नव्हती. त्यानं सहा डबे शोधायचे होते. ही लबाडी असेल तर असो, असं ते आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले, आणि म्हटल्यावर लगेच घाबरले.

जानेवारीत परवानगी आली, रजिस्टर पोस्टानं. डबा कंपनीच्या प्रतिनिधीच्या समक्ष ठेवावा. डब्याजवळ 'येथे डबा आहे' असा फलक लावावा. शोधणाऱ्या प्रत्येकानं वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव, पत्ता व येण्याची वेळ नोंदवून सही करावी. सरांनी पत्र पुन्हा पाकिटात घातलं आणि कंपनीला काहीच कळवलं नाही.

२३ जानेवारीला सर उजाडल्यावर घोडेटेकावर पोचले आणि वाडग्याच्या भिंतीवर बसले. चालून सातही टेकड्या करायला दुपारचा एक तरी वाजणार होता. पहिल्या टेकडीपाशी एसटीनं उतरायचं, तिथून चौदा किलोमीटर चाल.

साडेनऊ वाजता मनोऱ्याशी एक जीप आली.

जीपमधून आप्पासो उतरले, नवेकोरे बूट घातलेले, गळ्यात होकायंत्र. होकायंत्राचं झाकण उघडलेलंही नव्हतं. मागून मंडळाचे आणखी पाच जण उतरले. मग स्कूटर आल्या, मग दुसरी जीप. कोंडीबानं खुर्चीपुढे टेबल मांडलं होतं आणि रजिस्टर उघडलं होतं. लोक रांगेनं सह्या करत होते. वेळ लिहिताना घड्याळात बघत होते. पहिला आलोय, पाचवा आलोय, असं एकमेकांना सांगत होते. अकरा वाजेपर्यंत एकतीस सह्या झाल्या. सह्या करून माणसं खड्ड्यात उतरली, दगड उचकटले, पुन्हा वर आली.

सर वाडग्यावरून हे सगळं बघत होते. त्यांना हसू येत होतं, पण त्याच्या तळाशी काहीतरी फार कडू होतं. यातल्या निम्म्यांना त्यांनीच भूगोल शिकवला होता.

शेवटी आप्पासोंना ते दिसले. आप्पासो धापा टाकत उतारावरून आले.

"सर! डबा कुठाय?"

"सहाव्या डब्यात लिहिलंय," सर म्हणाले.

आप्पासो बूट मातीत घासत राहिले. मग चेहरा लाल करून म्हणाले, "म्हणजे तुम्ही आम्हाला फसवलंत."

"मी?"

"पेपरात छापून आलं होतं. जाहीर. वाचलं ही काय चोरी झाली? मी अध्यक्ष आहे, मला काय सगळ्या टेकड्या तुडवत बसायला वेळ आहे का? साधं कळवायचं नाही?"

मनातलं सगळं सरांच्या ओठापर्यंत आलं, बत्तीस वर्षांचं. पण ते एवढंच म्हणाले, "होकायंत्राचं झाकण उघडून बघा, आप्पासो. आत सुई असते."

आप्पासो तरातरा परत गेले. थोड्या वेळानं जीप सुरू झाली. मंडळ शिऱ्याच्या पातेल्याकडे परतलं असणार.

मग माळ रिकामा झाला. बारा वाजले, एक वाजला. धोंडुबाईनं सरांना भाकरी आणि लसणाचं तिखट दिलं. दोन वाजले. उरलेल्या सात जणांपैकी कुणी दिसेना. आपण बोललो ते चुकलं, असं सरांना वाटायला लागलं. हा खेळ म्हणजे एका भित्र्या माणसाचा पोरखेळ, लोकांनी नाव दिलं तेच उपकार, आणि वर आपण त्यांना सापळ्यात पकडलं. तीन वाजले.

"तुजा डाव कुनालाच नको हाय, मास्तर," धोंडुबाई म्हणाली. तिच्या आवाजात दयामाया नव्हती. "मानसास्नी सोनं पायजे. न्हाईतर जीप."

"हो," सर म्हणाले. "खरं आहे."

साडेचारला कुत्रं भुंकलं. मेंढरं घेऊन परतलेल्या बिरदेवनं त्याला आवरलं. सहाव्या टेकडीच्या बाजूनं, खाली ओढ्यातून, दोन मुली चढून येत होत्या. पुढची स्वानंदी, सांगलीच्या कॉलेजात शिकणारी. मागे तिची मैत्रीण सोनम. दोघींच्या सलवारी गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरलेल्या. स्वानंदी एका पायानं लंगडत होती. सर भिंतीवरून उतरून उभे राहिले, पण दोघींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. स्वानंदीनं कागदावर उतरवून घेतलेल्या चिठ्ठीत बघून पावलं मोजली, भिंतीच्या आत गेली, चपटा दगड ओढला आणि डबा बाहेर काढला. झाकण उघडलं. मग वर बघितलं.

"सुमंत सर तुम्हीच ना?"

"हो."

"तिसऱ्या डब्यातल्या चिठ्ठीची दिशा चुकलीये तुमची," स्वानंदी म्हणाली. ती संतापली होती. "दोनशे एकवीस अंश लिहिलंय. त्या दिशेनं नुसती दरी आहे. आम्ही दोन तास त्या दरीत फिरलो! हिचा पाय घसरला, माझा मुरगळला."

"बाकीचे पाच जण तिथूनच माघारी गेले," सोनम म्हणाली. "शिव्या देत."

"मग तुम्ही कशा..."

"तुम्ही खूण लिहिली होती ना, एकटं बाभळीचं झाड. दरीत बाभूळच नाही. मग वर येऊन चारी बाजूंना बघितलं. दोनशे बाराला एकच बाभूळ दिसली. तुम्ही आकडे उलटे लिहिलेत, सर. असा कसा भूगोल शिकवता?"

सरांनी खिशातून आपली मोजणीची वही काढली, पानं उलटली. तिथं स्वच्छ अक्षरात २१२ होतं. चिठ्ठीवर उतरवताना चूक झाली होती. चूक कंपनीची नव्हती, आप्पासोंचीही नव्हती.

"माझीच चूक," ते म्हणाले. "पाच जण माझ्यामुळे परत गेले."

"गेलेच," स्वानंदी म्हणाली. तिनं पेन्सिल काढली, वहीच्या पहिल्या कोऱ्या पानावर दोघींची नावं लिहिली, वेळ लिहिली, आणि खाली आणखी एक ओळ लिहून वही सरांच्या हातात दिली: 'तिसरी चिठ्ठी चूक आहे. पुढचे लोक येण्याआधी बदलावी.'

पुढचे लोक. सरांनी ती ओळ दोनदा वाचली.

"बिरदेव," ते वळून म्हणाले, "उद्या सकाळी तिसऱ्या टेकडीवर जायचंय. येतोस का?"

"येतू की. पन मास्तर, ह्या डावाला नीट वाचून लिवा," बिरदेव म्हणाला, आणि पोरी हसल्या, आणि सरही.